ढिगाऱ्यावरची बैठक

शहागंजात मी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि माझे ब्रश घरी बसले. आमची वस्ती खाम नदीकडं पाठ करून उभी आहे. नदी म्हणजे मागच्या खिडकीतून कचरा भिरकावायची जागा. त्यात माझ्या घरच्याही पिशव्या होत्या, ते कबूलच केलं पाहिजे.

सुरुवात शेजारच्या आपांनी केली. शिवणकामावर घर चालवणारी बाई. वासामुळं गिऱ्हाईक दारात टिकेना, म्हणून एका रविवारी त्या घमेलं घेऊन एकट्याच काठावर उतरल्या. लाजेखातर मी गेलो, मागून गल्ली आली. हळूहळू अंगणाएवढी जागा मोकळी झाली. तिथल्या भिंतीवर मी उरल्यासुरल्या रंगांनी वेलबुट्टी काढली, आपांच्या आईच्या हिमरू शालीवर होती तशी. मग दर रविवारी संध्याकाळी तिथं माणसं जमायला लागली. कुणी ओव्या म्हणायचं, कुणी शेर ऐकवायचं.

एका रविवारी सकाळी बघतो तर त्या जागेवर राडारोड्याचा ढीग. जवळच्या एका बांधकामाचा. मी तिथल्या मुकादमाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, नाल्यात टाकलंय, तुमच्या घरात नाय. दुसरी ट्रॉली संध्याकाळी येणार, हेही त्यानंच सांगितलं.

परत येऊन मी आपांना म्हणालो, आजचं राहू द्या. त्यांनी सतरंजी उचलली आणि त्या ढिगाऱ्यावरच अंथरली.

"नाला म्हणतो ना तो? मग आज इथंच बसायचं. नदी हाय ही, बघू दे त्याला."

संध्याकाळी सगळी गल्ली विटांच्या तुकड्यांवर बसली. ट्रॉली आली तेव्हा एक म्हातारी ओवी म्हणत होती. ती थांबली नाही. मुकादम आम्हाला उठवायला आला. मी बसल्या जागेवरूनच म्हणालो, "टाकायचं तर आमच्या अंगावर टाका."

त्यानं कुणाला तरी फोन लावला, बरंच बडबडला आणि शेवटी ट्रॉली वळवून घेऊन गेला.

तो ढीग उचलायला कुणी आलं नाही. आम्हीच विटा निवडून पायऱ्या रचल्या, वेड्यावाकड्या. पाणी अजून काळंच आहे. परवा मुकादम रस्त्यात भेटला. राडारोडा आता पुढच्या पुलाखाली टाकतो म्हणाला, आमची खोड मोडल्यासारखा.

या रविवारी आम्ही पुलाखाली बसणार आहोत.