आभाळाकडे तोंड केलेले टीव्ही

अप्पांनी ज्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग केलं, त्या लग्नात माळ नेमकी कधी पडली हे नंतर कुणालाच सांगता येत नसे. मंगलाष्टकं ऐकू येत, 'सावधान' ऐकू येई, वाजंत्री सुरू होई आणि पडद्यावर नुसतं आभाळ दिसे. आभाळात भोरड्यांचा थवा. थवा डावीकडे वळला की कॅमेरा डावीकडे, उजवीकडे वळला की उजवीकडे. खाली यायला कॅमेऱ्याला इतका वेळ लागे की तोवर मांडवात पहिली पंगत बसलेली असायची. मुलीचा बाप तणतणत दुकानात आला की अप्पा त्याला आधी चहा पाजत आणि मग म्हणत, "नवरी कुठं पळून चालली का? ती हाय की घरात, कवाबी बघा. भोरड्या थांबत न्हाईत."

मी त्यांची भाडेकरू. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नव्या जिल्ह्याला कारकून हवे होते, म्हणून मी बिलोलीहून आले. वडिलांनी मला अप्पांच्या माडीवरची खोली बघून दिली. खाली व्हिडिओचं दुकान, मागे अप्पा आणि त्यांची बायको अक्का, वर मी. घर देताना अप्पांनी जातपात, पगार, काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ताई, बिलोलीला भोरड्या कवा येतेत?" मी सांगितलं, थंडी पडली की. त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भोरडी साळुंकीएवढी असते. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. थंडीत या भोरड्या लांब उत्तरेकडून आमच्या ज्वारीवर उतरतात, हजारोंनी, आणि ऊन तापलं की परत जातात. शेतकरी मचाणावर उभे राहून, गोफणी फिरवून, डबे बडवून त्यांना हाकलतात. त्यांची वाट बघणारा माणूस मी एकच पाहिला.

त्या वर्षी पाऊस आला नाही. ज्वारी वीतभर वाढून वाळली. टँकर दिसला की घागरी घेऊन सगळी गल्ली धावे. लग्नं पुढे ढकलली गेली, त्यामुळे अप्पांचा कॅमेरा कपाटात गेला आणि त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त रसूलभाई, म्हणजे मंडप-जनरेटरवाले, दिवसभर अप्पांच्या बाकावर येऊन बसू लागले. थंडी पडली. भोरड्या आल्या नाहीत.

हे अप्पांच्या मनाला लागलं. "आपण तालुका होतो तवा येत होत्या," ते मला म्हणाले, "आता जिल्हा झाल्यावर येत न्हाईत. बरं दिसतं का हे?"

"अप्पा, ज्वारीच नाही. काय खायला येतील?"

"तसं न्हाई, ताई. त्या वरून जातेत, मी बघितल्यात. खाली आपल्यातलं कुणी दिसंना म्हून उतरंनात. तुम्ही यष्टीनं जाताना एखाद्या गावात वळखीचं कुणी दिसलं न्हाई, तर उतरता का?"

  बाकावरच्या रसूलभाईंना त्या दिवशी दुसरंच काही सांगायचं होतं. हैदराबादला त्यांच्या मेहुण्याचा मंडपाचा धंदा होता, तो बोलावत होता. "अप्पा, अब यहाँ क्या रह गया?" ते म्हणाले. अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "रसूल, भोरड्या उतरल्या तर थांबशील का?" रसूलभाई हसले आणि म्हणाले, "हौ." हा माणूस खरंच काही करील असं त्यांना वाटलं नसावं.

अप्पांनी मग जुन्या लग्नांच्या सगळ्या कॅसेटी काढल्या आणि त्यांतले फक्त भोरड्यांचे तुकडे एका कॅसेटवर उतरवून घेतले. नंतर हातगाडा घेऊन ते घरोघर टीव्ही मागत फिरले. गावाबाहेरच्या कोरड्या तळ्यात ते सगळे टीव्ही उताणे मांडायचे, पडदे आभाळाकडे करून, आणि सगळ्यांवर एकदम भोरड्या उडवायच्या, असा बेत होता. "एक संध्याकाळ द्या," ते दारात उभे राहून सांगत, "रोज तुम्ही बघता, आज पाखरं बघतील." मला वाटलं होतं लोक दार लावून घेतील. पण त्या वर्षी गावात हसण्यासारखं दुसरं काही घडत नव्हतं. लोकांनी टीव्ही दिले. कुणी लाकडी शटरचा, कुणी बारीक पायांचा, कुणी नवाकोरा रंगीत. एका बाईनं एवढीच अट घातली की आमचा टीव्ही जावेच्या टीव्हीशेजारी ठेवायचा नाही. अप्पांनी अट पाळली.

आता माझं सांगते. तळ्यात टीव्ही मांडायचे होते, त्याच दिवशी आमच्या ऑफिसात धावपळ चालली होती. दुष्काळ खरा आहे की नाही हे पाहायला दिल्लीहून पथक येणार होतं आणि त्याला नेमकं तेच तळं दाखवायचं ठरलं होतं. आमच्या साहेबांना दुपारी बातमी लागली. त्यांनी मला बोलावलं. 

"तुमच्या घरमालकांनी तळ्यात टीव्ही मांडलेत?"

"हो साहेब."

"अहो, आपण सांगतोय लोक उपाशी आहेत. पथकाला काय दिसणार? टीव्हीच टीव्ही! एक पैसा मिळायचा नाही जिल्ह्याला. जा, थांबवा त्यांना."

मी सायकल दामटत तळ्यावर गेले. भेगाळलेल्या मातीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टीव्ही पसरले होते. पाठीला हवा लागावी म्हणून रसूलभाईंनी प्रत्येकाखाली विटा लावल्या होत्या. वायरींचं जाळं चुकवत मी अप्पांपर्यंत पोचले आणि साहेबांचा निरोप सांगितला. माझा आवाज रडवेला झाला असणार, कारण अप्पांनी कमरेवरचे हात खाली घेतले.

"ताई, पथक रस्त्यानं येतंय. भोरड्या वरून येतेत. दोघांची गाठ पडती कुठं?"

"इथंच पडते, अप्पा!"

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "मग पथकाला म्हणावं, वाईच बाजूला उभं ऱ्हावा."

ऊन उतरलं. बांधावर सगळं गाव जमलं होतं. रसूलभाईंनी जनरेटर सुरू केला आणि तळ्यात प्रकाश सांडला. जिथे तिथे तेच आभाळ, तोच थवा. थवा वळला की सगळ्या तळ्यात एकदम वळे. पाणी असतानाही ते तळं इतकं हललेलं मी पाहिलं नव्हतं.  मग एका तुकड्याच्या शेवटी, कॅमेरा खाली येता येता, चुकून राहिलेली एक नवरी सगळ्या पडद्यांवर दिसली आणि एक म्हातारी ओरडली, "अगं बया, आमची शकू!" झालं. लोक बांध उतरून आपापले सोयरे शोधायला टीव्हींवर वाकू लागले. अप्पा हात जोडून ओरडत होते, "बाजूला व्हा! पाखरांला दिसंना!"

या गोंधळात जीपगाड्या आल्या. आमचे साहेब उतरले ते थेट माझ्याकडे बघत. दिल्लीच्या पथकाचे मुख्य अधिकारी बांधाच्या कडेशी आले. मग त्यांनी जवळच्या माणसाला विचारलं, "यह क्या है?" जवळचा माणूस म्हणजे रसूलभाई.

"तालाब है, साब."

"तालाब में टीव्ही?"

"पानी रहता तो कैसे रखते, साब?" रसूलभाईंनी अदबीनं विचारलं.

 अधिकारी तळ्यात उतरले आणि एका भेगेत त्यांनी हात घातला. हात कोपरापर्यंत गेला. शेजारच्या टीव्हीच्या उजेडात त्यांनी तो हात नीट पाहिला. पुढे जिल्ह्याला मदत मिळाली. ती टीव्हींमुळे मिळाली, असं अप्पा मरेपर्यंत सांगत. ऑफिसात तसं कुणी म्हटलं नाही, पण साहेब मला कधी रागावले नाहीत हेही खरं.

आणि भोरड्या आल्या. फार नाही, लहानसा थवा. उत्तरेकडून आला, तळ्यावर गरकन फिरला आणि बांधावरच्या बाभळींवर कलकलत उतरला. अप्पा जनरेटरकडे धावले. "बंद कर, रसूल, बंद कर! खऱ्या आल्यात, आता खोट्या कशाला?" सगळं तळं विझलं. अंधार पडत होता. दिल्लीचे, लातूरचे, जावाजावा, सगळे त्या बाभळींखाली माना वर करून उभे होते आणि वर नुसती कलकल चालली होती. अप्पांनी रसूलभाईंचा दंड घट्ट धरला होता. मी शेजारीच होते. "उतरल्या," अप्पा म्हणाले. रसूलभाई म्हणाले, "हौ, अप्पा. उतरे." पण ते अप्पांकडे बघत नव्हते.

सकाळी बाभळी रिकाम्या होत्या. महिन्याभरात रसूलभाईंनी बांबू, पडदे, जनरेटर टेम्पोत भरले. बायकोमुलांना आधीच पाठवलं होतं. दिलेल्या शब्दाची आठवण अप्पांनी करून दिली नाही. "नाक्यापर्यंत सोडून येतो," असं अक्कांना सांगून ते टेम्पोत बसले आणि आठवड्यानं परत आले.

"नाका कुठं गेला होता?" अक्कांनी विचारलं.

"हैदराबादला," अप्पा म्हणाले. अक्कांनी त्यांना पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी दिलं. पाय धुऊन ते ओट्यावर बसले. "तिथं लोक नळ उघडा ठेवतेत, ताई. धो धो. रसूल बी ठेवतो." मग म्हणाले, "तो आता यायचा न्हाई."

आले नाहीत रसूलभाई. लग्नं पुन्हा सुरू झाली, दुसरा मंडपवाला आला, अप्पा त्याला शेवटपर्यंत "नवीन माणूस" म्हणत राहिले.

मग माझी नांदेडला बदली झाली. निघायच्या दिवशी अक्कांनी दशम्या बांधून दिल्या आणि त्या डोळे पुसत आत गेल्या. अप्पा माझी ट्रंक घेऊन स्टँडवर आले. मी त्यांना बजावलं, "अप्पा, इथूनच परत जायचं. नाक्यापर्यंतसुद्धा नाही." ते म्हणाले, "न्हाई येत." ट्रंक गाडीत ठेवली, खिडकीच्या गजावर थोडा वेळ हात ठेवला आणि गर्दीत दिसेनासे झाले. मी चाकूरपर्यंत रडले. अहमदपूर गेलं, तेव्हा कुठे दशम्यांची आठवण झाली आणि कुणाला एखादी द्यावी म्हणून मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर, मांडीवर टोपी ठेवून, अप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

"तिकीट काढलंय," ते म्हणाले.