टिचकीतात्या आणि काळं बॉनेट

तात्यांसमोर कुठलीही वस्तू आली की आधी तिला टिचकी बसायची. कलिंगड असो, माठ असो, कपाटाचं दार असो, नाहीतर एस.टी.चा पत्रा. उजव्या हाताचं मधलं बोट अंगठ्याखाली दाबून सोडायचे आणि मान डावीकडे कलती करून थांबायचे. सांगलीच्या मंडईतले कलिंगडवाले त्यांना लांबूनच ओळखायचे. "आलं बघा तपासनीस," म्हणायचे. घ्यायचं एक असायचं, वाजवून व्हायची पंधरा. खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं होतं. बाकी कुपवाडच्या आमच्या शेडपासून मिरजेच्या रंगवाल्यांपर्यंत सगळ्यांना ते टिचकीतात्या म्हणूनच ठाऊक.

आमच्या शेडमध्ये गाड्यांचे फायबरचे भाग बनायचे. गिऱ्हाईक बहुतेक वडापच्या जीपवालं. आठ माणसांच्या जागेत अठरा कोंबून गावोगाव पळणाऱ्या त्या जीपचं बॉनेट आणि मडगार्ड वर्षा-दीड वर्षात चेपायचं किंवा गंजायचं, मग लोखंडाच्या जागी फायबर बसवायचं. काचेच्या धाग्यांची मॅट साच्यात अंथरायची, वर रेझिनची चिकट राळ ओतून ब्रशने दाबायची, एकावर एक थर द्यायचे आणि वाळलं की उपसून काढायचं. दाबताना कुठे हवा राहिली तर थर एकमेकांना धरत नाहीत. वरून रंग चढल्यावर ते कुणालाही दिसत नाही. ते ऐकण्यासाठी तात्या होते.

मी घासकामाला होतो. खंडाळा तालुक्यातला, नववीत शाळा सुटलेला. आधीच्या दोन ठिकाणांहून मला घरी पाठवलेलं होतं, त्यामुळे मालकांनी नुसतं वळून पाहिलं तरी मी दुप्पट जोराने घासायला लागायचो. लग्न ठरलेलं होतं. हेही काम गेलं तर गावात तोंड कुठे दाखवायचं, हा हिशोब रोज उठल्यापासून डोक्यात चालू असायचा.

तात्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते उलटं बघायला. कुणी जुना, वापरलेला भाग तपासायला आणला की आम्ही सगळे वरचा रंग बघायचो. तात्या तो आधी पालथा घालायचे. "पुढनं समदी देखणीच असत्यात," म्हणायचे, "पाठ बघ." मग बोल्टच्या भोकांभोवती पांढुरकं पडलंय का, कडेला धागे पिंजलेत का, हे बोट फिरवून पाहायचे. नाक लावून वास घ्यायचे, कच्चं राहिलं असेल तर रेझिन महिन्यानंतरही वास मारतं. सुलटा करून ट्यूबलाइटखाली धरायचे. रंगात पडलेली ट्यूबची रेघ सरळ दिसली पाहिजे. ती वाकली की तिथे दुरुस्ती झालेली. एवढं झाल्यावर टिचकी. वीतभर अंतरावर एकेक, शेतात टोकण करावी तशी. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर तिथेच खडूचं वर्तुळ.

निकाल ते दोनच शब्दांत द्यायचे. भागाच्या पाठीवर खडूने एकतर 'जा' लिहायचे, नाहीतर 'थांब'. मालकांना पास-नापास लिहायला हवं होतं, त्यांनी दोनदा सांगूनही पाहिलं. तात्या म्हणाले, "नापास म्हणलं की संपलं, मालक. थांब म्हणलं तर उद्या परत इचारता येतंय." मी घासता घासता हे ऐकत होतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जो शब्द होता तो कुणीतरी वापरायला नकार देतंय, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आता मी शारजातल्या एका गॅरेजात हेच तपासणीचं काम करतो, तेही कार्बन फायबरच्या भागांचं. इथेही मी खडूने मराठीत 'थांब' लिहितो. केरळचा फिटर आणि पेशावरचा रंगारी, दोघांनाही तो शब्द आता वाचता येतो.

तात्या कोरेगावकडचे. शेडच्या मागच्या एका खोलीत ते आणि काकू राहायचे. काकू बोलायला तिखट. भाकरी तव्यावरून उतरली की तात्या तिलाही टिचकी मारून बघायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "आवं, मला बगाय आल्तासा तवा मला बी वाजवून बगितलं आसंल." तात्या खाली मान घालून म्हणायचे, "तुला वाजवायला कुणाची छाती हाय?"

नवीन काढलेलं फायबर आम्ही अंगणात स्टुलांवर मांडून ठेवायचो. दोन दिवस ऊन खाल्लं की ते चांगलं कडक होतं. उन्हाळ्यात त्या बॉनेटांवर धोतराचं जुनं फडकं अंथरून काकू पापड, सांडगे, कुरडया वाळवायच्या. एवढी सपाट, मुंग्या न चढणारी वाळवणाची जागा दुसरीकडे कुठे मिळणार? कुणी कधी हरकत घेतली नाही. मालकांच्या घरीही त्यातल्या डबाभर कुरडया जायच्या.

नव्वदीच्या शेवटाकडच्या एका चैत्रात इस्लामपूरचे एक दादा आले. मोटारींच्या शर्यतीत उतरणारे. त्यांनी कुणाकडून तरी परदेशातून आलेलं, आधी दुसऱ्या गाडीवर वापरलेलं कार्बन फायबरचं बॉनेट आणि दोन मडगार्ड आणली होती. भाग धड आहेत का ते बघायचे आणि असतील तर गाडीला बसवून द्यायचे, असं काम होतं. काळंभोर बॉनेट, आत चटईसारखी वीण दिसणारं, आणि उचललं तर सुपाएवढं हलकं. काकू खोलीच्या दारातून म्हणाल्या, "कार्बन म्हंजी कोळसाच की. आता कोळशाच्या गाड्या करत्यात व्हय?"

तात्यांनी असलं काही आधी हाताळलेलं नव्हतं. ते त्यांनी दादांना तोंडावर सांगितलं आणि एक दिवस मागून घेतला. अर्धा दिवस नुसतं वाजवत बसले. आधी जिथे धड असल्याची खात्री होती तिथे, मग कडेला, मग बिजागरीपाशी. "ह्याची बोली न्यारी हाय," मला म्हणाले. "आपलं फायबर म्हशीगत बोलतंय, ह्ये शेरडागत. आदी आवाज वळखीचा होऊ दे." विणीचा धागा कुठे तिरका झालाय का, वरच्या पारदर्शक थरावर पिवळी झाक आलीय का, हेही पाहिलं. संध्याकाळी तिन्ही भागांच्या पाठीवर 'जा' लिहिलं. दादांनी शर्यतीच्या आधी चार दिवस गाडी आणायची असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड झाडायची म्हणून मी सगळे भाग बाहेर काढले आणि सवयीने ते काळं बॉनेटही अंगणात स्टुलांवर मांडलं. ते नवं काढलेलं नाही, त्याला उन्हाची गरज नाही, हा विचार डोक्याला शिवलासुद्धा नाही. नऊच्या सुमाराला काकूंनी त्यावर फडकं अंथरून कुरडया घातल्या. वारा सुटला म्हणून फडक्याच्या टोकावर ठेवायला वरवंटा आणला, आणि तो त्यांच्या हातून निसटला. बॉनेटवर ओरखडासुद्धा उठला नाही. काकूंनी वरवंटा उचलून नीट ठेवला. दुपारी कुरडया उलटल्या, संध्याकाळी मी बॉनेट पुसून आत नेलं.

गाडीला बसवण्याआधी भाग पुन्हा वाजवायचा ही तात्यांची रीत होती. ठरल्या दिवशी दादा गाडी घेऊन आले. दादा शेजारी उभे, मालक उभे. बॉनेट शेरडासारखं टणटण बोलत गेलं आणि पुढच्या कडेला, जिथे कुलूप बसतं तिथे, तळहाताएवढ्या जागेत बद्द वाजलं. तात्यांनी तिथे परत वाजवलं. खिशातून चार आण्याचं नाणं काढून त्याने वाजवलं. मग बॉनेट पालथं केलं. कडेच्या दुमडीत कुरडईचा एक तुकडा अडकला होता. तो त्यांनी नखाने काढला, बोटांत धरून पाहिला आणि शर्टाच्या खिशात टाकला. वाऱ्यासाठी काकू फडक्यावर वरवंटा ठेवतात, हे त्यांना ठाऊक होतं.

दादांना तात्यांचं वागणं कळलं नव्हतं, मालकांना कळलं होतं. त्यांनी तात्यांना बाजूला माझ्याच टेबलापाशी आणलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मालकांचं म्हणणं, वरून काही दिसत नाही, आवाज फक्त आपल्यालाच कळतो, त्यांना कुठे कळतोय? तात्या म्हणाले, "त्यास्नी न्हाई कळला. पर मला कळला न्हवं." मालकांनी एक शर्यत तरी निघेल असं म्हणून पाहिलं. तात्यांनी हातातलं नाणं खिशात टाकलं. ते दादांकडे गेले.

"दादा, ह्ये बॉनेट लावू नगा. आतनं थर सुटल्यात. जोरात निगाल्यावर कुलपापाशी तुटलं तर उडून काचंवर यील. आणताना चांगलं हुतं. मार आमच्या आंगणात बसलाय, माझ्या घरच्या मानसाच्या हातनं."

मालकांनी विचारलं, "पण ते उन्हात ठेवलं कुणी?"

माझ्या हातात घासायचा ओला वॉटरपेपर होता. त्यातून पाणी टपकत होतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, टिचकी मारल्यावर थांबायचे तेवढंच. मग म्हणाले, "म्या."

मी पुन्हा घासायला लागलो. मालकांनी एकदा माझ्याकडे नजर टाकून, "तुला माहीत होतं का रे?" असं विचारलं, तेव्हा "न्हाई जी" एवढंच म्हणालो.

दादा भला माणूस. त्यांनी स्वतः त्या जागी टिचकी मारली, मग बाजूला मारली, पुन्हा त्या जागी मारली. फरक कानांवर आला तसा त्यांनी हात काढून घेतला. मडगार्ड बसवून घेतली आणि जुन्या लोखंडी बॉनेटवरच शर्यतीला गेले. त्यांचं बॉनेट मालकांना भरून द्यावं लागलं. त्या महिन्याच्या शेवटी मालकांनी तात्यांना खोली रिकामी करायला सांगितली. तात्यांनी वाद घातला नाही. काळं बॉनेट मालकांना डोळ्यांसमोर नको होतं. "तेही घेऊन जा," म्हणाले. टेम्पोत भांडी, गादी, ट्रंक आणि सगळ्यांत वर ते बॉनेट, पालथं. 'जा' पुसून लिहिलेला 'थांब' हा खडूचा शब्द त्यावर दिसत होता.

त्यांच्यानंतर तपासायला मालकांनी मलाच बसवलं. शेडमध्ये तो आवाज ओळखणारा दुसरा कुणी उरला नव्हता. लग्न झालं. त्याच कामाच्या जोरावर दोन वर्षांनी शारजाचा व्हिसा आला. निघायच्या आधी मी कोरेगावला उतरलो, तिथून वडापने त्यांच्या गावी गेलो.

घर लहान होतं. पुढच्या पडवीच्या पत्र्यावर ते बॉनेट होतं आणि त्यावर कुरडया होत्या. काकूंनी मला बघून आत हाक दिली, "आवं, तुमचं खंडाळ्याचं बॉनेट आलंय, वाजवून घ्या." तात्या बाहेर आले. थकले होते. परदेशात कार्बनचंच काम आहे म्हटल्यावर त्यांनी मला शिडीवर चढवलं, कुरडयांचं फडकं सरकवायला लावलं आणि खालून म्हणाले, "वाजीव. कुटं हाय सांग." मी कडेकडेने वाजवत गेलो. कुलपापाशी बद्द वाजलं. मी हात तिथेच ठेवला.

काकू चहा करायला आत गेल्या होत्या. मी शिडीवरूनच म्हणालो, "तात्या, त्या दिवशी उन्हात म्या ठिवलं हुतं."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवापासनंच. तुज्याकडं बगितलं तवाच वळखलं. 'न्हाई जी' म्हनलास न्हवं, तवा तर तुजा आवाजच बद्द आला."

मी खाली उतरलो. विचारलं, मग तेव्हा मालकांपुढे बोललात का नाही?

तात्यांनी माझ्या पाठीवर मधल्या बोटाने एक टिचकी मारली आणि मान डावीकडे कलती केली.

"बोलायचं काय त्यात? थांब म्हनून ठिवलं हुतं तुला," ते म्हणाले. "आता जा."