सकाळच्या गाडीची एकजूट

नेतृत्व म्हणजे काय, हे मला लोकरीच्या गुंड्याने शिकवण्यात आलं. तारकर्लीतल्या एका लॉजच्या हॉलमध्ये आम्ही बायका गोल करून बसलो होतो. किनाऱ्यावरच्या मासे विकणाऱ्या, आतल्या गावांतल्या शेतकरणी, बंदरावरच्या बाजारपेठेतल्या काही मुसलमान घरांतल्या. मधोमध पुण्याहून आलेला प्रशिक्षक. कुर्ता जाड्याभरड्या खादीचा आणि पायांत भारी बूट. त्याने गुंडा एकीकडे फेकला, तिने दुसरीकडे, आणि हॉलभर धागे पसरले तेव्हा त्याने डोळे मिटून विचारलं, "आत्ता या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?"

माझी जाऊ म्हणाली, "माका घराक जावचासा वाटता."

त्याने मान डोलावली आणि फळ्यावर लिहिलं, 'प्रामाणिकपणा'. तिथेच तो माझ्या मनातून उतरला.

मी शिवणकाम करते. समुद्रकाठच्या आमच्या गावात माझा शिवणवर्ग आहे. मापं देताना बायका जे बोलतात ते कुठल्याही सभेत बोलत नाहीत, आणि ते सगळं माझ्या कानावर पडतं, म्हणून हे प्रशिक्षण घेणाऱ्या संस्थेच्या लोकांनी मला 'स्थानिक संघटक' ठरवलं. मी हो म्हटलं ते त्यांच्या फळ्यासाठी नव्हे, सकाळच्या गाडीसाठी. किनाऱ्यावरून आतल्या गावांकडे जाणारी ती एकच सरकारी गाडी. माझी जाऊ त्याच गाडीने मासे घेऊन आत जायची, थांब्यावरच विकून उरलेल्या टोपल्यांसह परतायची. परतीच्या त्याच फेरीला आतल्या बायका भाजी, काजू, फणस घेऊन बाजारात यायच्या, पोरं कॉलेजला यायची. पावसाळ्याआधी ती गाडी बंद झाली. प्रवासी नाहीत, असं कारण सांगितलं गेलं. सरपंचांनी निवेदन दिलं, निवेदन देतानाचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना पाठवला आणि कर्तव्य संपवलं. आमच्याकडच्या पुरुषांचं कार्य फोटोपाशी सुरू होतं आणि फोटोपाशीच संपतं.

गाडी सगळ्यांनाच हवी होती, म्हणजे एकजूट सोपी, असं त्या प्रशिक्षकाला वाटलं. दुपारच्या जेवणानंतर आतल्या गावातली एक बाई उभी राहिली. बचत गटाची अध्यक्ष, ताठ मानेची, बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीकडे बघणारी. म्हणाली, "गाडी व्हयी. पण माशांच्या टोपल्यांबरोबर आमी बसूचव नाय. वास मारता."

माझी जाऊ म्हणाली, "खाताना वास येना नाय तो?"

मग जे झालं त्याला प्रशिक्षकाने 'मतभिन्नता' म्हटलं. आमच्या भाषेत भांडण. त्याने घाईघाईने टाळ्यांचा खेळ घेतला आणि चहा मागवला. आतल्या बायका चहा न घेताच निघून गेल्या.

मी तर तेव्हाच सगळं सोडून दिलं असतं. सोडू दिलं नाही ते भाभीने. भाभी म्हणजे बंदरावरच्या सुक्या मासळीच्या मुसलमान व्यापाऱ्याची बायको, माझं जुनं गिऱ्हाईक. त्या हॉलमध्ये दिवसभर ती एक शब्द बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाली, "चल, त्या अध्यक्षीणबाईच्या घराक जाव या."

"कित्याक? आणखी अपमान करून घेवक?"

"होय," ती म्हणाली. "त्याशिवाय बोलाक कशी लागात ती?"

भाड्याची रिक्षा करून आम्ही गेलो. घरासमोर शेणाने सारवलेलं लख्ख खळं, पुढे आंब्याची कलमं. बाईने आम्हाला खळ्यातच खुर्च्या दिल्या. चहा आला. मला स्टीलच्या पेल्यात, भाभीला कागदी कपात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, तेवढ्यात भाभीने माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि शांतपणे घोट घेतला. "चाय बरी झाली हा," म्हणाली. "तुमची सून बाळंतपणाक खंय गेल्ली?"

त्या एका प्रश्नावर ती ताठ बाई तासभर बोलली. सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी नव्हती. रिक्षावाला यायला तयार नव्हता. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत काजूच्या पोत्यांवर निजवून तिला नेलं. पोर वाचलं. पण हॉस्पिटलात पोचेपर्यंत सून जे ओरडत होती ते आठवून बाईचे ओठ थरथरले, आणि आपण कोणासमोर बसलोय हे आठवून तिने ते लगेच आवळले. निघताना म्हणाली, "आमच्या वाडीतली माणसा मी आणतंय. पण टोपले मागे ठेवूचे."

परतताना मी भाभीवरच चिडले. "तो कप फेकून कसो मारूक नाय तिच्या तोंडार?"

"गो, माका तिचो पेलो नको," भाभी म्हणाली. "माका तिची माणसा व्हयी."

ती खरंच मनाने मोठी होती की तिला त्या बाईची माझ्याहून जास्त घृणा होती, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. पण त्यानंतर आम्ही घरोघर असंच फिरलो. वर्गातल्या आठ-दहा पोरीबायकांना बरोबर घेतलं आणि एकच गोष्ट शिकवली: आपण कमी बोलायचं, समोरचीचं पुरतं ऐकायचं आणि ती काय करायला तयार आहे ते उठण्याआधी विचारायचं. प्रशिक्षकाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "अरे वा, हेच तर आमचं मॉडेल!" मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पावसाची उघडीप बघून आम्ही एसटीच्या आगारात जायचा दिवस ठरवला. कोण काय बोलणार, हे आधीच वाटून घेतलं होतं. आवार बायकांनी भरलं. आगाराचे साहेब बाहेर आले, आणि नेमकं त्याच वेळी एक पांढरी गाडी आत शिरली. तालुक्यातले पुढारी. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. गर्दीचा वास त्यांना माशीसारखा लागतो. आमच्याच गावातले पुरुष, जे घरोघर फिरताना एकदाही आले नव्हते, धावत जाऊन त्यांना खुर्ची देऊ लागले. एकाने तर शालही काढली. कुठून आणली देव जाणे. पुढाऱ्यांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "माझ्या माताभगिनींनो..."

पहिलं बोलायचं होतं माझ्या जावेने. ती बावरून मागे सरकली. मीही तिच्याआडच उभी राहिले. तेव्हा ती अध्यक्षीणबाई पुढे झाली. तिने पुढाऱ्यांकडे बघितलंही नाही. सवयीप्रमाणे भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमी बसा. पण गप बसा. आमी सायबांशी बोलाक इलेलो आसव."

पुढारी हसले. तिला जणू लहान मुलगी समजून म्हणाले, "बाई, मी तुमच्यासाठीच आलोय."

"माज्यासाठी माजो घोव पण कधी खंय येना नाय," ती म्हणाली. "बसा."

बायका खदाखदा हसल्या आणि पुढारी खरोखर बसले. ज्या मगरुरीपोटी तिने भाभीला कागदी कप दिला होता, तीच मगरुरी त्या दिवशी आमच्या बाजूने उभी होती. मला ती बाई तेव्हाही आवडली नाही, आज दिसली तरी आवडत नाही. पण माझ्यासारख्या बोलक्या बाईची बोबडी वळली तिथे तिचा आवाज कापलासुद्धा नाही. तिने सुनेची गोष्ट सांगितली. मग जावेला कंठ फुटला. भाभीने सर्वांत शेवटी, शुद्ध मराठीत विचारलं, "साहेब, गाडी कधीपासून सुरू करताय, ते आम्हाला इथेच सांगाल का?"

साहेबांनी सांगितलं, तात्पुरती सुरू करू. ती तात्पुरती गाडी अजून चालू आहे. टोपल्या मागच्या सीटपाशी, बूड पोत्याने बांधून. पहिल्या फेरीच्या दिवशी नाक्यावर पुढाऱ्यांचा बॅनर लागला, 'अथक प्रयत्नांना यश'. त्यावर त्यांचा फोटो, त्यांच्या मुलाचा फोटो आणि मोबाइलमध्ये बघत असलेल्या कुणा तिसऱ्याचा फोटो. संस्थेने आमची यशोगाथा छापली. तिच्यात भाभीला 'अल्पसंख्याक लाभार्थी' असं म्हटलं होतं. मी ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "लाभ खंय आसा तो इचार त्यांका."

एकजूट टिकली आहे. प्रेमाने नव्हे. आतल्या बायका आणि किनाऱ्यावरच्या बायका एकमेकींना अजूनही नाकं मुरडतात, आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरचा प्रश्न निघाला की एकाच गाडीतून उतरतात.

गेल्या महिन्यात दोडामार्गकडच्या एका गावाने आम्हाला बोलावलं. तिथली गोव्याला कामाला जाणारी पोरं, त्यांच्या गाडीचं असंच रडगाणं. शाळेच्या वर्गात बाकांवर बायका बसल्या होत्या, दारात पुरुष. मी बोलायला उभी राहताच एकाने विचारलं, "तुमच्या संघटनेचो अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष नाय," मी म्हटलं.

"मग कोणाशी बोलूचा आमी?"

भाभीने दोन बाकांमधली जागा दाखवली. "आत येवन बसा. बायलांशी बोला."

तो काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघून गेला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. एका म्हाताऱ्या बाईने उठून दार लोटून घेतलं, आणि मी पहिल्या बाकावरचीला विचारलं, तुझ्या घरातून सकाळी पहिलं कोण बाहेर पडतं?