दिलेरची मोजणी

आमच्या मामांनी देवालासुद्धा आधी मोजलं आणि मगच नमस्कार केला. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नात्यानं माझे मामेसासरे आणि राहायला आमच्याच गल्लीत, आमच्यापासून तिसऱ्या घरात. मोजणी खात्यात राहून त्यांनी उभ्या औरंगाबाद जिल्ह्यातली शेतं मोजली, गंगापूरपासून कन्नडपर्यंत भावाभावांच्या बांधावर उभं राहून दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त होताना खात्यानं मोडीत काढलेली तेहतीस फुटांची लोखंडी साखळी रीतसर पावती करून घरी आणली. त्यांचे वडील निजामाच्या अमलात हेच काम करत. पोलीस अ‍ॅक्शननंतर अंमल बदलला, कागदावरची भाषा बदलली, पण बांध कोरणारे तेच राहिले, असं मामा सांगत. निवृत्तीनंतर मोजायला शेत उरलं नाही म्हणून त्यांनी घर मोजलं, मग अंगण, मग मामींची तुळस गेल्या वर्षापासून भिंतीकडं किती सरकली ते. गणपतीच्या मखराला ओळंबा लावून बघणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मामी म्हणायच्या, "लग्नात अंतरपाटाच्या पलीकडून यांचा पहिला शब्द ऐकला तो 'कापड डावीकडं उतरलंय' हा. तेव्हाच समजायला पाहिजे होतं मला."

मोजणीबरोबर बांधावरचा आवाजही ते घरी घेऊन आले होते. चार एकरांपलीकडच्या माणसाला 'सरक' म्हणायची सवय झालेला माणूस जेवताना 'मीठ वाढा' म्हणाला की आमच्या घरात माझी बायको नकळत मिठाची बरणी उचलायची. मामा रागावलेले नसत, पण ऐकणाऱ्याला ते कळायला चार-पाच वर्षं लागत.

अशा घरात दिलेर आला. हर्सूलच्या तलावाकडं कुणा ओळखीच्याचा प्लॉट मोजून देऊन मामा स्कूटरवरून परत येत होते. रस्त्याच्या कडेला एक कुत्री पाण्याच्या टँकरखाली सापडून मेली होती. तिचं मातकट रंगाचं पिल्लू तिच्या जवळही जात नव्हतं आणि लांबही जात नव्हतं. "सहा फूट," मामा सांगत. "ना पुढं, ना मागं. घंटाभर उभा राहून बघितलं मी. मग घातलं पिशवीत." नाव ठेवलं दिलेर. नावाचा आणि गुणाचा संबंध नसण्याची आपल्याकडं जुनी परंपरा आहे, ती दिलेरनं इमानानं पुढं चालवली. कुकरच्या शिट्टीला तो भ्यायचा, उघडलेल्या छत्रीला भ्यायचा, टोपीवाल्याला भ्यायचा आणि टोपी काढलेल्या त्याच माणसाला नव्यानं भ्यायचा. बरं, भ्यायला की गुपचूप कोपऱ्यात बसावं, तर तेही नाही. ज्याला भ्यायचा त्याच्याच अंगावर भुंकत धावायचा. मामींच्या भिशीच्या बायका एकदा दीड तास पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मामा त्याला "गप" म्हणून ओरडायचे. त्या आवाजानं तो आणखी घाबरायचा आणि आणखी भुंकायचा, आणि तो ऐकू येत नाही असं वाटून मामा आणखी ओरडायचे. मोठा होईपर्यंत त्याचं शिक्षण हे एवढंच झालं.

पण खरा वैरी टँकर. आमच्या भागात नळाला पाणी येणं हा सण आहे आणि त्याचं पंचांग कुणालाच नीट कळत नाही. त्यामुळं उन्हाळ्यात सगळी भिस्त टँकरवर. गल्ली अशी अरुंद की टँकर उलटा आत घ्यावा लागे. ड्रायव्हर हॉर्न देणार, क्लीनर मागून पत्रा बडवणार, आणि त्या गदारोळात दिलेर दोरी तोडून थेट चाकावर जाणार. तिसऱ्या वेळी टँकरवाल्या चाचांनी गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवली. "मामू, कुत्ता मेरे हाथ से मरेगा तो मैं रोटी नहीं खा सकता," ते म्हणाले. "जब तक ये है, मैं अंदर नहीं आता." त्या दिवसापासून गल्लीतली सतरा घरं कोपऱ्यापासून बादल्या वाहू लागली.

माणूस तत्त्वासाठी काय काय सोसतो कोण जाणे, पण बादली आठ दिवसांच्या वर सोसत नाही. किराणा दुकानवाल्या अण्णांनी अर्ज लिहिला: सदर कुत्रा गल्लीतून हलवावा. हलवायचा कुठं, तर मामांच्या चुलतभावाच्या गंगापूरच्या शेतावर. तिथं हंगामभर उसाचे ट्रॅक्टर धडधडत असतात. तिथं दिलेर चार दिवसांत कुठल्यातरी चाकाखाली जाईल हे मला कळत होतं. तरी त्या अर्जावर नववी सही माझी आहे. पाण्याचे चार ड्रम एका बाजूला आणि मामेसासरे दुसऱ्या बाजूला असले की आपण कुठं उभे राहतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्याची अजून लाज वाटते. मामांनी अर्ज घेतला, अण्णांना पोच लिहून दिली, सगळ्या सह्या बोट ठेवून वाचल्या. माझ्याकडं पाहिलं नाही. फक्त म्हणाले, "अक्षयतृतीयेपर्यंत मुदत द्या. नाय जमलं तर मीच नेऊन सोडतो." आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या घरापर्यंतसुद्धा पोचला नाही.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मामांनी मला सोबत नेलं. बाई म्हणाल्या, "काका, तो माजलेला नाही, भ्यालेला आहे. टँकर दिसतोय पण तो भुंकत नाही, असं अंतर शोधा. तिथं उभं राहून त्याला आवडीचं खायला द्या. मग रोज थोडं थोडं जवळ जा. भुंकला तर समजा, तुमचीच घाई झाली. आणि त्याच्यावर ओरडायचं नाही." मामा खुर्चीत सरळ झाले. "म्हंजे मोजून खुणा घालायच्या, हद्द कायम करायची म्हणा की," ते म्हणाले. निवृत्त झाल्यापासून इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. बाहेर आल्यावर मात्र हळूच म्हणाले, "जावईबापू, न ओरडता बोलायचं कसं असतं हो?"

दुसऱ्या दिवसापासून मामा कुजबुजू लागले. ती कुजबुज अंगणापर्यंतच ऐकू येई, पण प्रयत्न होता. दिलेरला आवडीचं काय, याची चौकशी झाली. शेंगदाणे नामंजूर, पेढा नामंजूर, उकडलेली कलेजी मंजूर. जन्मभर कांदासुद्धा चातुर्मासाचं पंचांग बघून खाणारा हा माणूस नाकाला रुमाल बांधून खाटकाच्या दुकानासमोर उभा राहिला आणि डोळे मिटून म्हणाला, "पावशेर." मामींनी एवढंच सांगितलं, "माझ्या स्वयंपाकघराची हद्द तेवढी आधी कायम करा." मग परसात वेगळी चूल मांडली गेली आणि कलेजी उकडायचं काम जावयाकडं आलं. नवव्या सहीचा दंड समजून मी ते मुकाट्यानं केलं.

मामांनी चाचांनाही पटवलं. दिवसाआड सकाळी टँकर कोपऱ्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं उभा राहणार. चाचा हसून म्हणाले, "मामू, पानी के लिए सब रोकते हैं. कुत्ते की तालीम के लिए आज तक किसीने नहीं रोका." मग मामा साखळी जमिनीवर टाकत, दिलेर न भुंकता उभा राहिलेली जागा मोजत आणि तिथल्या घराच्या पायरीवर चुन्यानं फुली मारून आकडा लिहीत. पहिल्या दिवशी पाच साखळ्या. मग साडेचार. मग चार.

आता मोजणी खात्यातला माणूस, हातात साखळी, पायरीवर चुना. एकदा शहरात रस्तारुंदीकरणाची पाडापाडी झाल्यापासून ह्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आमच्याकडं लोक घराची कागदपत्रं शोधायला लागतात. आणि गल्लीत एकही घर असं नव्हतं की ज्याची पायरी, ओटा नाहीतर पत्र्याचं शेड हातभर रस्त्यावर आलेलं नाही. अण्णांनी घाबरत घाबरत विचारलं, "मामा, ही खूण फायनल का?" मामा कुजबुजले, "आज हीच. आठ दिवसांनी आणखी पुढं सरकंल, देवाची कृपा असली तर." त्या संध्याकाळी अण्णांनी स्वतःच्या हातानं दुकानाचा ओटा फोडला. त्यांचं बघून समोरच्यांनी शेड काढलं. गल्लीभर छिन्नी-हातोड्याचे आवाज सुरू झाले आणि मामा कौतुकानं म्हणाले, "यंदा लोकांनी दुरुस्त्या लई काढल्यात." माझ्या दारातली फुली 'साखळ्या तीन' अशी होती. मी दोन पायऱ्या फोडल्या. आठवडाभर बायको घरातून उडी मारून बाहेर पडत होती. शेवटी राहवलं नाही आणि चहा पिताना मी मामांना विचारलं, वरून हुकूम कधी आला म्हणून. मामा म्हणाले, "कसला हुकूम? तुमच्या दारात तो पहिल्यांदा शेपूट हलवून उभा राहिला, त्याची ती नोंद."

ही बातमी गल्लीला कळली त्या दिवशी मामांना जे ऐकून घ्यावं लागलं ते दोन भावांच्या बांधावरही कधी ऐकलं नसेल. पण ओटे गेले होते ते गेले होते. रस्ता मोकळा झाला होता. आता टँकर सरळ आत येऊ शकत होता. हॉर्न नको, पत्रा बडवणं नको.

अक्षयतृतीयेच्या आदल्या सकाळी टँकर आत आला. मामा दिलेरला घेऊन बरोबर अर्ध्या साखळीवर, जमिनीवर मांडी घालून बसले. मी कलेजीची वाटी धरून मागं उभा. दिलेरची शेपूट पोटाखाली गेली होती. त्यानं चाकाकडं पाहिलं, घशात गुरगुर आली आणि तिथंच थांबली. मग त्यानं मान वळवून मामांच्या तोंडाकडं पाहिलं. मामांनी तुकडा पुढं केला आणि त्यानं तो घेतला. हे कुणीच पाहिलं नाही. गल्ली नळीवर तुटून पडली होती. अण्णा समोरच्यांच्या ड्रमवरून ओरडत होते, समोरचे अण्णांच्या सात पिढ्या काढत होते, मामी कळशी घेऊन रांगेत कुणाला तरी ढकलत होत्या. त्या सकाळी गल्लीत न भुंकणारा एकटा दिलेर होता. मामांचे डोळे भरले होते. "भीती गेली नाय त्याची," ते म्हणाले, आणि ह्या वेळी मला खरंच वाकून ऐकावं लागलं. "आहे तेवढीच आहे. पण बघा, बसलाय."

अर्जाचा निकाल लेखी मिळावा म्हणून मामा पुढं दोन महिने अण्णांच्या मागं लागले होते. अण्णा म्हणायचे, "अहो मामा, पाणी यायला लागलं, आता कसला अर्ज?"

दिलेर आणि मामांची ताटातूट गल्लीला जमली नाही, ती मामींच्या गुडघ्यांनी केली. जिना होईना, शेगडीपुढं उभं राहवेना. मुलगा पुण्याहून आला आणि दोघांना घेऊन गेला. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्या सोसायटीत कुत्रा चालत नाही. मामांनी तिथल्या सेक्रेटरीला पत्र लिहून मुदत मागितली होती. मिळाली नाही. निघायच्या दिवशी त्यांनी दिलेरची दोरी माझ्या हातात दिली. "तुमची सही मी तेव्हाच वाचली होती," ते म्हणाले. "राग नाय. तुम्ही पण भ्यालेलेच होता." आणि रिक्षात बसल्यावर ते सरळ समोर बघत राहिले.

आता टँकरच्या दिवशी पुण्याहून फोन येतो. आवाज मोठा नसतो, सोसायटीत चालत नाही म्हणे. "आज किती?" ते विचारतात. खरं म्हणजे मामा गेल्यापासून दिलेर पुन्हा तीन साखळ्यांवर गेलाय. टँकर आला की तो मामांच्या बंद दाराशी जाऊन थरथरत बसतो आणि माझ्या हातचं काही खात नाही. मी म्हणतो, "अर्धी साखळी, मामा. अगदी शांत."  मग मामा म्हणतात, "घाई करू नका, जावईबापू. त्याला वेळ लागंल. तुम्ही नुसतं जवळ जाऊन बसा."