धूर आमच्या घरात नव्हता

लेकीने कम्प्युटर स्वतःच्या पगारातून घेतला. पडघ्याकडच्या एका गोदामात ती सामान पॅक करते. कंपनीची बस तिला किन्हवलीच्या नाक्यावर सोडते. घरी आली, जेवली की गेम खेळायला बसते. मुलगी असून खेळते यावर आमच्या आळीत बरंच बोलून झालं आहे, ते इथे लिहीत नाही. तिची टीम आहे, कोणी कल्याणचं, कोणी मुरबाडचं. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण कानाला हेडफोन लावून एकत्र लढतात.

कम्प्युटर पहिल्या दिवसापासून दगा देत होता. गेमच्या सुरुवातीला चित्र सरळ पळायचं. थोड्या वेळाने एकदम अडखळायला लागायचं, आणि तेवढ्यात समोरचा हिला मारून जायचा. सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात असतो. मी चौथी शिकले, पण आकडे वाचता येतात. शंभराच्या वरचा आकडा धपकन विसावर यायचा. टीमने तिला सांगितलं, सोमवारी शेवटचं बघू, नाहीतर तुझ्या जागी दुसरं कोणी घेऊ.

ज्याने कम्प्युटर जोडून दिला तो शहापूरचा दुकानदार घरी येऊन गेला. त्याने कम्प्युटर उघडला नाही. माझ्या स्वयंपाकघरात मात्र डोकावला. मग माझ्या नवऱ्याला म्हणाला, गावच्या घरात चूल, धूर, धूळ, असलं मशीन इथे टिकायचं नाही. आमची चूल मागच्या पडवीत आहे, आंघोळीच्या पाण्यापुरती. स्वयंपाक गॅसवर होतो. हे मला सांगायचं होतं. परक्या माणसापुढे माझा आवाज निघत नाही. मी चहा ठेवला आणि आत गेले.

आणि आम्ही त्याचं ऐकलं, याचाच जास्त राग येतो. खिडक्यांना मी जुन्या साड्या बांधल्या. सुके बोंबील भाजायला शेजारणीच्या अंगणात गेले. ती म्हणाली, "तुमच्या कम्प्युटरला वास येतो काय गो?" मी हसले, पण आतून जळत होते. आकडा पडायचा तो पडतच होता. पुन्हा फोन केला तर दुकानदार म्हणाला, मुलीला खेळ कमी करायला सांगा, नाहीतर सोमवारी येऊन मी मशीन घेऊन जातो, दुसरं गिऱ्हाईक बघतो. नवरा हो म्हणून बसला. जिच्या कष्टाची वस्तू, तिला विचारलंसुद्धा नाही.

रविवारी दुपारी लेकीने जमिनीवर चादर अंथरली, मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि स्क्रू काढायला घेतले. गेम चालू केला की आतली गरमी लगेच चढते, आणि फार तापला की कम्प्युटर जीव वाचवायला आपणच हळू होतो, हे तिने शोधून काढलं होतं. मी उजेडाला बॅटरी धरली. आत बोटाला लागेल एवढीही धूळ नव्हती. तिने पंखा काढला आणि उलटा केला. त्याच्या बुडाला प्लॅस्टिकची पातळ पट्टी तशीच चिकटलेली होती. बसवण्याआधी काढा, असं तिच्यावर छापलेलं होतं. लेकीने मला वाचून दाखवलं. गरमी पंख्यापर्यंत नीट पोहोचतच नव्हती. तिने पट्टी सोलली, गरमी पंख्याकडे ओढणारा, आधीच ऑनलाइन मागवलेला लेप लावला, पंखा पुन्हा बसवला. संध्याकाळभर आकडा जागचा हलला नाही.

सोमवारी दुकानदार आला. लेकीने पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट केली आणि म्हणाला, "तुम्ही उघडलंत ना? मग वॉरंटी गेली." असं म्हणून वर हसला.

मी दारात उभी होते. म्हणाले, "माझ्या सैपाकघरात डोकावलात, पंख्याखाली नाय बघितलंत. कम्प्युटर कुठं जायचा नाय."

तो नवऱ्याकडे वळला, "वहिनींना जरा समजवा." नवऱ्याने सकाळीच कम्प्युटरचं रिकामं खोकं बाहेरच्या ओट्यावर काढून ठेवलं होतं. ते त्याने उचललं आणि आत नेलं.

त्या संध्याकाळी लेक पहिला डाव हरली. आकडा शंभराच्या वरच होता, चूक तिची होती. पुढचे डाव जिंकली. टीमने तिला ठेवलं.

दुकानदाराने आजवर माफी मागितलेली नाही. उलट सांगत फिरतो म्हणे, त्या घरातली बाई फार बोलते.