तिसरी चूक

पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे 'प्रभारी' म्हणत. त्यातली शेवटची अकरा वर्षं ते खरोखरच प्रभारी विभागप्रमुख होते. म्हणजे प्रमुखाची सगळी कामं करायची, प्रमुखाच्या वाटणीची बोलणी खायची, पण बसायचं शेजारच्या खुर्चीवर. खरी खुर्ची, उंच पाठीची आणि गोल फिरणारी, प्लास्टिकच्या आवरणासकट रिकामी असे. अधूनमधून वरून कुणीतरी कायमचा साहेब यायचा, सहा महिने तिच्यावर गोल फिरायचा आणि बदली करून घेऊन जायचा. मग खुर्चीवर पुन्हा आवरण, आणि आमचे गृहस्थ पुन्हा प्रभारी.

पन्नाशीला टेकल्यावर माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. कुणी केस रंगवतो, कुणी व्हायोलिन आणून शेजाऱ्यांचा जीव घेतो. प्रभारींना डायव्हिंग सुचलं. चार वर्षांत पाठीला सिलिंडर बांधून ते शंभरएक वेळा समुद्राच्या तळाशी जाऊन आले, आणि उगाच खोटं कशाला बोला, पाण्याखाली ते फार छान वावरत. तिथे कुणी फाईल घेऊन येत नाही. पण शंभर वेळा दुसऱ्याच्या मागून पोहल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की इथेही पुढे दुसराच कुणीतरी आहे. झालं! त्यांनी डाइव्हमास्टरच्या परीक्षेचा अर्ज भरला. ही परीक्षा पास झालेला माणूस चारचौघांना घेऊन खाली उतरतो आणि सुखरूप वर आणतो. त्याला एक कार्ड मिळतं. कार्डावर फोटो, नाव आणि खाली छापलेलं 'लीडर'. प्रभारी लीडर नाही, नुसतं लीडर. त्या एका शब्दासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिला ते न सांगताच कळलं होतं.

पोहण्याच्या चाचण्या त्यांनी हा हा म्हणता पार केल्या. पंधरा मिनिटं एका जागी तरंगायचं आणि शेवटची दोन मिनिटं दोन्ही हात पाण्याबाहेर धरायचे, यात तर त्यांचा पहिला नंबर आला. हात वर करण्याचा सराव कचेरीत बावीस वर्षं झालेला होता. पाण्याखालच्या खडकांचा नकाशा त्यांनी इतका नेटका काढला, की परीक्षक मॅडमनी तो भिंतीवर लावला. या मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. त्या यांना 'काका' म्हणत आणि हे त्यांना 'मॅडम', आणि दोघांचंही बरं चाललं होतं. आता उरली शेवटची परीक्षा. तीन जणांना बोटीवर घ्यायचं, सूचना द्यायच्या, साधनं तपासून घ्यायची आणि खाली फिरवून आणायचं.

साधनं तपासण्याचा नियम अगदी साधा आहे. उडी मारण्याआधी जोडीदाराचं सगळं आपण तपासायचं आणि आपलं त्याच्याकडून तपासून घ्यायचं. हवेचं जाकीट, वजनाचा पट्टा, बकलं, सिलिंडरचा व्हॉल्व्ह, शेवटी तोंडात धरायची नळी. यातून कुणाला सूट नाही.

रोज संध्याकाळी दिवाणखान्यात तालीम सुरू झाली. सोफा ही बोट. बोटीवर बायको आणि सासूबाई. बायको सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. आठ तास उभी राहून आलेली बाई पाठीला उशी बांधून निमूट बसायची. सासूबाईंना मात्र या प्रकारात भलताच उत्साह.

"जावईबापू, श्वास घेऊ का सोडू?"

"आई, आधी सूचना ऐका. तुमचा पट्टा ढिला आहे."

"पट्टा नाही हो तो, पदर आहे."

"ढिला आहे!"

रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी ढिलं सापडे आणि प्रभारींचा चेहरा खुले. एकदा बायकोने विचारलं, "अहो, तुमचं कुणी तपासायचं?"

"माझं कशाला? मी लीडर आहे."

"आमचे सर्जन केवढे मोठे! पण मी बोळे मोजून 'बरोबर' म्हटल्याशिवाय पोट शिवत नाहीत."

"तुमचं वेगळं. तिथला माणूस झोपलेला असतो."

"इथला बुडालेला असेल," असं म्हणत तिने उशी सोडली आणि ती हातपाय धुवायला गेली.

परीक्षेच्या दिवशी बोटीवर तिघं होते: एक बसचालक, एक गणिताचे मास्तर आणि एक दंतवैद्य बाई. प्रभारी सिलिंडर पाठीला बांधून बोटीच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून सूचनांचा कागद चाळत होते. ते वळले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काका, मी मुद्दाम तीन चुका करून ठेवल्यात. तिन्ही शोधल्याशिवाय उडी नाही."

आधी प्रभारींनी अठरा मिनिटं सूचना दिल्या. त्यांत सुरक्षेचं महत्त्व दोनदा आलं आणि शिस्तीचं पाचदा. मग तपासणी. बसचालकाच्या वजनाच्या पट्ट्याचं बक्कल उलटं, ही पहिली. मास्तरांची नळी जाकिटाच्या पट्ट्याखाली अडकलेली, ही दुसरी. दोघांनाही चार शब्द सुनावून झाले. आता दंतवैद्य बाईंकडेच असणार तिसरी. त्यांचं जाकीट उतरवलं, चढवलं. सिलिंडर सोडला, बांधला. पुन्हा सोडला. बाई उन्हात जाड रबरी पोशाख घालून उभ्या, घामाने नुसत्या निथळत होत्या.

"तुमचं बघू का मी जरा?" त्या हळूच म्हणाल्या.

"माझं बघायला मी समर्थ आहे. हात बाजूला करा."

तिसऱ्या तपासणीनंतर त्यांना साक्षात्कार झाला. छाती पुढे काढून ते म्हणाले, "मॅडम, तिसरी चूक नाहीच. हीच माझी परीक्षा आहे."

"नक्की?"

"नक्की. मी जबाबदारी घेतो."

बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं, आणि तेही नेमकं नको तिथे.

त्यांनी झोकात उडी मारली. पहिला श्वास आला, दुसरा ओढून आला, तिसरा आलाच नाही. जाकिटात हवा होती म्हणून डोकं वर राहिलं, एवढंच. तोंडातली नळी काढून ते खोकत होते आणि मॅडम, ज्या आधीच शेजारी पाण्यात उतरल्या होत्या, त्यांच्या पाठीमागे हात घालून बंद केलेला व्हॉल्व्ह उघडत होत्या.

"तिसरी सापडली, काका," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जराही चेष्टा नव्हती, आणि तेच प्रभारींना जास्त लागलं.

परतताना बंदराचा धक्का जवळ आला तेव्हा प्रभारींनी दंतवैद्य बाईंना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मॅडमचा हात तुमच्या सिलिंडरवर दिसला होता."

"मग सांगितलं का नाही?"

"मी विचारलं होतं, बघू का म्हणून. तुम्ही हात बाजूला करायला सांगितलेत."

घरी सासूबाई सोफ्यावर उशी बांधून तयारच होत्या. हकिगत ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "काखेत कळसा, गावाला वळसा." प्रभारी खोलीत गेले. बायकोला वाटलं, आता चार दिवस अबोला. पण दहा मिनिटांनी ते जाकीट, पट्टा, सिलिंडर असा सगळा संसार अंगावर चढवून बाहेर आले आणि दिवाणखान्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यांना फार लाज वाटत होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"तपास," ते म्हणाले.

तिने एकेक बक्कल ओढून पाहिलं. व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. थिएटरमध्ये पाहते तसंच, घाई न करता, ओठांतल्या ओठांत मोजत. मग त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "बरोबर. शिवा आता पोट."

महिन्याने पुन्हा परीक्षा झाली. मॅडम म्हणाल्या, आज चार चुका आहेत. प्रभारींनी सूचनांचा कागद खिशातच ठेवला आणि दंतवैद्य बाईंकडे पाठ केली. "आधी माझं बघा." त्यांच्या अंगावर दोन सापडल्या. उरलेल्या दोन त्यांनी शोधल्या, आणि कुणाला काही सुनावलं नाही.

त्याचा परिणाम कचेरीलाही भोगावा लागला. स्वतःच लिहिलेलं टिपण प्रभारींनी कनिष्ठ लिपिकापुढे ठेवलं आणि म्हणाले, "यातल्या माझ्या चुका काढ." लिपिकाने भीतीने दोन दिवस रजा घेतली. प्रभारींची तब्येत बरी नाही, अशी बातमी दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांवर पोचली. उंच पाठीची खुर्ची आजही आवरणातच आहे.

कार्ड टपालाने कचेरीच्या पत्त्यावर आलं. लिफाफा हातात घेऊन प्रभारी तडक घरी आले. बायको नुकतीच ड्युटीवरून आली होती. त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

"आलं?" ती म्हणाली. "नाव, फोटो, सगळं बरोबर आहे ना? पाहिलंत?"

"नाही," ते म्हणाले. "आधी तू बघ."

तिने हात पुसले, चष्मा लावला आणि लिफाफा उघडला. प्रभारी हात पसरून तिच्यासमोर उभे राहिले.