देगलूरच्या घरातला बंद पडलेला कॉम्प्युटर

परवा वजनकाट्यातली बटणाएवढी बॅटरी बदलताना मी क्षणभर थांबले. तसलीच बॅटरी बोटांत धरून मी देगलूरच्या आमच्या घरी बसले होते, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात.

घराच्या पुढच्या खोलीत ह्यांचं टायपिंग सेंटर होतं. कॉम्प्युटर जोरात चालावा म्हणून ह्यांनी आतल्या सेटिंग बदलल्या आणि तो सुरूच होईना. पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळीच. शेजारच्या मुलीची लग्नपत्रिका त्यातच अडकलेली. नांदेडला न्यायला वेळ नव्हता.

"मी बघू का?" मी दारातून विचारलं. माहेरी, लातूरला, मी दुरुस्तीचा कोर्स केला होता. सासरी तो विषय कधी निघालाच नव्हता.

ह्यांनी आईकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "बघू दे की रे तिला."

मी वायर काढून झाकण उघडलं. तापलेल्या धुळीचा वास आला. आतली बटणाएवढी बॅटरी काढली की मशीन बदललेल्या सेटिंग विसरतं, हे ठाऊक होतं; ती काढून हातात धरली. थोड्या वेळानं बॅटरी परत बसवली, बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली.

"तुला हे येतंय, सांगितलं न्हाईस?" हे हसले.

"कुणी इचारलंच न्हाई."

मी चहा ठेवायला उठले, तर सासूबाईंनी खांद्याला धरून मला पुन्हा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं. "तू बस. चहा मी ठेवते."

तेव्हा मी नुसती अवघडले होते. आज ते सेंटर मी चालवते, आणि ते मला त्या दुपारी सासूबाईंनीच दिलं, हे आता कळतं.